एसीची सर्व्हिसिंग एप्रिलमध्ये नको, पाऊस सरल्यावर करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्यात एसीच्या मेकॅनिकची आठवण होते ती एप्रिलमध्ये. शिमगा आटोपतो, उकाडा अंगावर येतो, एसी लावला की वारा येतो पण गारवा येत नाही, आणि मग फोनांची रीघ लागते. त्या दिवसांत मेकॅनिक एका घरी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबूच शकत नाही. जाळी धुतली, फडके मारले, ‘गॅस थोडा कमी होता, भरला’ म्हणून सांगितले, की पुढचे घर. एवढ्यासाठी दर वर्षी दोन-अडीच हजार मोजणाऱ्या माणसाला देखभाल म्हणजे निव्वळ पैसे घालवणे वाटले तर त्याला दोष देता येणार नाही. आम्ही याच कामातले, तरी हे मान्य करतो. देखभालीचा फायदा आहे आणि चांगला आहे; मात्र लोक तो विजेच्या बिलात शोधतात, तिथे तो फारसा नाही. आणि तिचा महिना एप्रिल नव्हे.

आधी बिलाचाच हिशेब करू. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी रात्री आठ तास चालतो. खोली नीट बंद असेल तर तासाला सरासरी एक युनिट धरा, महिन्याला २४०. चोंदलेली जाळी साफ केल्याने ५ ते १५ टक्के वीज वाचते, असा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा अंदाज आहे. मधले १० टक्के घेतले तर २४ युनिटे. हिशेबापुरता युनिटचा दर ५ रुपये धरला तर महिन्याला १२० रुपये, आणि वर्षातले आठ महिने एसी वापरला तर ९६० रुपये वाचले. पण जाळी धुवायला मेकॅनिक लागत नाही. समोरचे झाकण उघडायचे, दोन्ही जाळ्या ओढून काढायच्या, उलट्या बाजूने नळाखाली धरायच्या, सावलीत वाळवायच्या. पंधरवड्याला एकदा, दहा मिनिटांचे काम. म्हणजे ते ९६० रुपये घरच्या घरीच सुटतात. रिमोटवर तापमान एक अंशाने वाढवले की साधारण ६ टक्के वीज वाचते, असे केंद्राचा ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. २४ चे २६ केले तर जाळी धुण्याइतकीच बचत झाली, तीही बसल्या जागी. मेकॅनिकच्या दोन सर्व्हिसिंगचे प्रत्येकी ८०० प्रमाणे १६०० रुपये होतात. ‘सर्व्हिसिंगचे पैसे बिलातून वसूल होतात’ असे कोणी सांगितले तर त्याच्यासमोर हा कागद ठेवावा.

पैसे वसूल होतात ते कॉइलमधून. त्यातही बाहेरच्या युनिटच्या कॉइलमधून, जिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

या कॉइलमध्ये तांब्याची नळी असते आणि तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचे कागदासारखे पातळ पत्रे ओवलेले असतात. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले, वर खाऱ्या दमटपणाचा ओलसर थर. एवढे जमले की त्याची बॅटरीच होते, आणि या व्यवहारात झिजतो तो नेहमी अ‍ॅल्युमिनियम. सुरुवात पत्रा नळीला जिथे बिलगतो त्या बारीक कडेशी होते. तिथे पांढरी पूड धरते आणि पत्रा नळीपासून सुटतो. वरून कॉइल अजून धडधाकट दिसते, पण नळीतली उष्णता पत्र्यात जाईनाशी होते. मग आतल्या गॅसचा दाब वाढतो, कॉम्प्रेसर जास्त अँपिअर ओढतो, आणि दुपारी बाहेर ऊन तापले की तो मधेच बंद पडतो. पुढची पायरी म्हणजे बोट लावले की पत्रा भाजलेल्या पापडासारखा चुरतो. ही झीज पुढून दिसत नाही, कारण पुढे पंखा असतो. हवा आत ओढली जाते मागून आणि एका बाजूने, आणि मीठही तिथेच बसते. भिंतीच्या बाजूला टॉर्च धरून पाहिल्याशिवाय ते कळायचे नाही.

आता इथली एक गंमत. पावसापासून वाचावे म्हणून लोक बाहेरच्या युनिटवर पत्र्याचे छप्पर टाकतात, नाहीतर ते बाल्कनीच्या कोपऱ्यात आत ढकलतात. किनाऱ्यालगत अशी आडोशाची युनिटेच आधी सडतात. उघड्यावरचे युनिट पाऊस चार महिने फुकट धुऊन देतो. आडोशाच्या युनिटवर मीठ फक्त साचत जाते, धुतले कधीच जात नाही. पावसात भिजण्यासाठीच ते बनवलेले असते. प्लॅस्टिकचे कव्हर घालून ठेवणे तर त्याहून वाईट, कारण आत घाम धरतो.

पाऊस गेला की नोव्हेंबर ते मे हे सात महिने मिठाचे. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, तो ते घेऊन येतो. मिरामार, करंझाळे, कांदोळी, कळंगुट, कोलवा, बाणावली या पट्ट्यात बाहेरचे युनिट महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुतलेच पाहिजे. मांडवी-जुवारीच्या मुखाजवळ राहणाऱ्यांनीही आपण समुद्रापासून लांब आहोत असे समजू नये. युनिट गॅलरीत हाताला लागत असेल तर हे कामही घरी होते. आधी एमसीबी (एसीचा मेन स्विच) पाडा. नुसता रिमोटने बंद करून चालत नाही. दहा मिनिटे थांबा, कारण आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डावरच्या (पीसीबी) कपॅसिटरमध्ये वीज राहिलेली असते. मग बागेच्या नळीने, तोंडावर अंगठा धरून येतो तेवढ्याच जोराने, वरून खाली पाणी सोडा. धार पत्र्यांना समोरासमोर लागली पाहिजे; तिरकी मारली तर पत्रे मुडपतात आणि हवेची वाट बुजते. एका युनिटला एक बादली पाणी पुरते. ज्या बाजूला नळ्या आणि वायरी आत जातात तिकडे पाणी मारू नका. अर्धा तास निथळू द्या, मग चालू करा. साबण नको, सोडा नको. संडास धुवायचे अ‍ॅसिड तर अजिबात नको. ते मारले की कॉइल चांदीसारखी चमकते आणि मालक खूश होतो, पण ती चमक म्हणजे धातूचा वरचा थर गेल्याची खूण असते. निळ्या किंवा सोनेरी पत्र्यांवरचे संरक्षक लेपनही त्यातच जाते.

सांखळी, उसगाव, कुडचडे या भागांत मिठाचा त्रास कमी, पण तांबडी धूळ आहे. ती कॉइलमध्ये शिरते, पहिल्या पावसात भिजून चिखल होते आणि ऑक्टोबरच्या उन्हात विटेसारखी कडक बसते. तिला बाहेरून धार मारली तर ती आणखी आत जाते. तिथे युनिटचे झाकण आणि पंख्याची जाळी काढून आतून बाहेर पाणी मारावे लागते, आणि ते काम मेकॅनिकचे.

म्हणूनच आम्ही ऑक्टोबर म्हणतो. चवथ आटोपलेली असते, पाऊस ओसरलेला असतो, आणि पावसाळ्याने केलेले सगळे नुकसान अजून ओले असते. आतल्या ट्रेमधला बुळबुळीत थर, ब्लोअरवरची बुरशी, बाहेरच्या स्टँडवरचा गंज, कार्डाच्या डब्यात शिरलेल्या मुंग्या, सगळे एकाच वेळी निघते. दुसरे असे की त्या महिन्यात मेकॅनिकला तासभर वेळ असतो. त्यानंतर फेब्रुवारीअखेर एक हलकी सर्व्हिसिंग पुरे.

तासभर कशाला, असे विचारणाऱ्यांसाठी आतल्या युनिटची एक सोपी परीक्षा. एसी बंद करून हवा बाहेर पडते ती झडप हाताने हळूच खाली करा आणि टॉर्च मारून वर पाहा. आत आडवे, लांब, बारीक वळणदार पात्यांचे चाक दिसेल, तोच ब्लोअर. पात्यांच्या कडा प्लॅस्टिकसारख्या स्वच्छ असतील तर ठीक. त्यांवर काजळीसारखा मऊ काळा थर दिसला, तर तुमची जाळी कितीही स्वच्छ असली तरी वारा कमीच येणार, कारण पात्याचे वळण बुजले की चाक हवा फेकत नाही, नुसते फिरते. ‘एसी लावला की ओल्या मोज्यांचा वास येतो’ ही तक्रारही इथलीच. सुगंधी फवारे मारून तो जात नाही, उलट फवाऱ्याच्या चिकटपणावर धूळ जास्त बसते.

हा थर फडक्याने निघत नाही. त्यासाठी युनिटखाली ताडपत्रीची पिशवी बांधून, कार्डावर प्लॅस्टिक गुंडाळून, छोट्या पंपाने कॉइल आणि ब्लोअर धुवावा लागतो. बादलीत उतरणारे पाणी काळे कुळकुळीत असते. चौथ्या-पाचव्या वर्षी एकदा ब्लोअर काढूनच धुतलेला बरा. ज्या सर्व्हिसिंगमध्ये पिशवी बांधली नाही आणि बाहेरच्या युनिटचा एकही स्क्रू सोडला नाही, तिचे पूर्ण पैसे देऊ नयेत, असे आमचे मत आहे. आमच्याच व्यवसायबंधूंना ते आवडणार नाही.

पाणी गळण्याच्या तक्रारींपैकी बऱ्याच ड्रेनच्या असतात, मशीनच्या नव्हेत. आपल्याकडच्या दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज काढतो. ते पाणी वाहून नेणाऱ्या पाईपला मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार हवा आणि मधे कुठे पोट आलेले नसावे. पाईपचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेले असेल तर हवा अडकते आणि पाणी खोलीत भिंतीवरून उतरते. सर्व्हिसिंग झाल्यावर ट्रेमध्ये दोन तांबे पाणी ओतून ते दुसऱ्या टोकाला लगेच येते का, हे समोर पाहून घ्यावे. काही इमारतींत ड्रेन सरळ सांडपाण्याच्या पाईपला जोडलेला असतो, वायू अडवायला मधे पाणी साठणारा बाकही (ट्रॅप) नसतो. त्यातून गटाराचा वायू उलटा वर येतो आणि आतल्या कॉइलचे तांबे काळे पडून तिला भोके पडतात. नवी कॉइल टाकली तरी दोन वर्षांत तेच. दोष कंपनीला दिला जातो, चूक प्लंबरची असते.

तांब्याला आणखी एक रोग आहे. नळीला डोळ्यांना न दिसणारी, वारुळासारखी वाकडी बिळे पडतात. सेंद्रिय आम्लांची वाफ आणि ओलावा एकत्र आला की हे होते. नवे प्लायवूड, गोंद, पॉलिश आणि हो, व्हिनेगर, यांतून ती वाफ येते. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत एसी असेल तर मधले दार लावून घ्यावे, एवढाच उपाय. मासळी तळताना एसी चालू ठेवला तर पत्र्यांवर तेलाचा थर बसतो, ते वेगळेच.

आता गॅस. यावर थोडे जास्त लिहितो, कारण लोकांचे सर्वात जास्त पैसे इथेच फुकट जातात. एसीतला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो, दहा वर्षेही तेवढाच राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. सध्याच्या बहुतेक एसींमध्ये आर-३२ असतो, त्याआधीच्यांत आर-४१०ए, जुन्यांत आर-२२. किती ग्रॅम भरायचा तो आकडा बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेला असतो, आणि भरताना सिलिंडर वजनकाट्यावर हवा. गेज लावून अंदाजाने भरणे इन्व्हर्टर एसीत तर अगदीच चुकीचे, कारण त्याचा कॉम्प्रेसर वेग सतत बदलतो आणि त्याबरोबर दाबही. कॉम्प्रेसर मंद चालत असताना काटा एक सांगेल, जोरात चालताना दुसरे.

मेकॅनिकने ‘गॅस कमी आहे’ म्हटले की त्याला एवढेच विचारा, की कशावरून. आतल्या कॉइलवर बर्फ धरला, हे पुरेसे उत्तर नाही. सगळी कॉइल गोठली असेल तर बहुधा जाळी किंवा ब्लोअर चोंदला आहे, हवाच कमी लागते. गॅस कमी असतो तेव्हा बर्फ कॉइलच्या सुरुवातीच्या भागावर आणि बाहेरच्या बारीक नळीवर धरतो, उरलेली कॉइल कोरडी असते. गळतीची आणखी एक खूण म्हणजे तेल: नळ्या जिथे पितळी नटाने जोडल्या जातात तिथे तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो. बऱ्याच वेळा नट आणि त्यात बसणारे नळीचे फुलवलेले तोंड नव्याने केले की काम होते. दुरुस्तीनंतर नायट्रोजन भरून दाब अर्धा तास टिकतो का हे पाहायचे, मग व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि दमटपणा ५०० मायक्रॉनपर्यंत (हे निर्वाताचे माप) ओढून काढायचा, आणि मगच गॅस वजनाने भरायचा. पंप न लावता थोडा गॅस सोडून हवा ‘ढकलून’ काढण्याची पद्धत अजून चालू आहे. त्यात आत राहिलेला दमटपणा कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून आम्ल बनते, आणि वर्षा-दोन वर्षांनी कॉम्प्रेसर जळतो. शिवाय आर-३२ पेट घेऊ शकतो. नळीत गॅस असताना ब्रेझिंगची (नळ्या जोडायची) ज्योत लावणाऱ्याला तिथेच थांबवा.

कॉम्प्रेसरला दहा वर्षांची वॉरंटी आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी वॉरंटी कार्डाची मागची बाजू वाचावी. पुष्कळदा ती फक्त त्या भागापुरती असते. गॅस, मजुरी आणि ने-आण आपल्या खिशातून. वार्षिक करार करतानाही कॉइल, पीसीबी आणि गॅस त्यात धरले आहेत का आणि ‘गंजामुळे झालेले नुकसान वगळून’ असे वाक्य कुठे आहे का, ही चार ठिकाणे तपासा. किनाऱ्यावर ते वाक्य असलेला करार घेणे म्हणजे छत्री घ्यायची, पण पावसात उघडायची नाही.

पीसीबी जळण्याची इथली दोन कारणे विशेष. एक, पावसाळ्यातला विजेचा कडकडाट आणि वर-खाली होणारे व्होल्टेज. एसी वापरात नसेल तर एमसीबी पाडून ठेवा. दुसरे, पाल. ऊब शोधत ती बाहेरच्या युनिटच्या कार्डावर जाते आणि दोन टोकांना एकदम चिकटते. पाल मरते आणि पाच-सात हजारांचे कार्डही. वायरी आत शिरतात ती फट ऑक्टोबरच्या सर्व्हिसिंगमध्ये पुट्टीने किंवा फोमने बुजवायला सांगा, खर्च ५० रुपयेही नाही. ठरावीक वेगाच्या जुन्या एसीत कपॅसिटर तपासून घ्यावा: त्यावर ५० मायक्रोफॅराड छापलेले असेल आणि मीटर ४५ च्या खाली दाखवत असेल तर बदला. दोन-तीनशे रुपयांचा कपॅसिटर कॉम्प्रेसर वाचवतो.

पावसाळ्यात बंद राहणारे फ्लॅट ही गोव्याची वेगळी गोष्ट. तिथे किल्ली सांभाळणाऱ्याला पंधरवड्यातून एकदा एसी तासभर चालवायला आणि मग वीस मिनिटे नुसता पंखा ठेवायला सांगा. कॉइल ओली राहिली नाही तर बुरशी धरत नाही.

एक गोष्ट पैशांची नाही, जिवाची आहे. बाहेरचे युनिट २५ ते ४० किलोचे असते आणि ते दोन लोखंडी स्टँडवर टांगलेले असते. रंगाखाली गंज धरलेला दिसत नाही. स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिल्यावर पापुद्रे निघाले तर स्टँड तातडीने बदला. जुन्या घरांत चिऱ्याच्या भिंतीत एक्स्पान्शन बोल्ट ठोकलेले असतात. चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ, त्यात हा बोल्ट कॉम्प्रेसरच्या कंपनाने हळूहळू सैल होतो. चिऱ्याला आरपार बोल्ट आणि आतल्या बाजूने पट्टी हवी. नवा स्टँड घेताना स्टेनलेस किंवा गरम जस्ताचा लेप दिलेला घ्या. दोन-तीनशे रुपये जास्त पडतील.

हे सगळे करायचे तर बाहेरच्या युनिटपर्यंत माणूस पोचला पाहिजे. नव्या इमारतींत मात्र ते दिसू नये म्हणून चौथ्या-पाचव्या मजल्यावर, खिडकीपासून हातभर लांब, जाळीच्या मागे टांगतात. तिथे वाकून काम करणाऱ्या पोरांना दोर बांधायला एक हूकही नसतो. असे युनिट बसवल्यापासून सडेपर्यंत एकदाही धुतले जात नाही, आणि कोणी धुवायला गेलाच तर जीव मुठीत धरून. पंचायत आणि पालिकांनी इमारतीचा नकाशा पाहताना बाहेरच्या युनिटांची जागा आणि तिथवरची वाट तपासावी, ही विनंती. आणि फ्लॅट घेणाऱ्यांनी नमुना खोलीतला एसी किती गार लागतो हे पाहण्याऐवजी त्याचे बाहेरचे युनिट कुठे आहे आणि तिथे पाण्याची नळी पोचते का, हे बिल्डरला विचारावे.

आपले,
वातानुकूलन दुरुस्तीच्या कामातील काही तंत्रज्ञ,
तिसवाडी व बार्देश